यातली तू कोणती?

घशाच्या डॉक्टरांकडून असली बातमी घेऊन घरी आलं की माणसं पाणी पितात, पंखा लावतात, एकमेकांची नजर चुकवत किल्ल्या उगाच इकडच्या तिकडे ठेवतात. ताईंच्या यजमानांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी बूट काढले, तडक आतल्या खोलीत गेले आणि कपाटामागे वाकून केबली बाहेर काढायला लागले.

ताई दारातच उभ्या राहिल्या. स्वरयंत्रावर गाठ होती. गाठ काढायची म्हणजे स्वरयंत्रच काढायचं, आणि तेही महिन्याच्या आत. जीव वाचेल, आवाज जाईल. डॉक्टरांनी हे इतक्या मऊ सुरात सांगितलं, की ताईंच्या मनात आलं, या माणसाला माइकसमोर बसवायला हवं होतं. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज पारखायची खोड, ती अशा वेळीसुद्धा सुटत नाही.

डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत वाचाउपचार करणारी मुलगी बसायची. तिनं ताईंचा हात हातात घेतला होता. "काकू, घाबरू नका. आता यंत्रं निघालीत. तुमच्या आवाजाचे भरपूर नमुने दिले, की यंत्र त्यातनं तुमचा आवाज तयार करतं. तुम्ही बोटांनी लिहायचं, ते तुमच्या आवाजात बोलेल. म्हणून घरी जा आणि बोला. काय वाट्टेल ते बोला. शेजारणीशी गप्पा मारा, काकांवर चिडा, सगळं फोनवर रेकॉर्ड करा. आवाज बसलाय, हरकत नाही. आणि जुनं काही रेकॉर्डिंग असेल तर तेही आणा."

यजमानांनी एवढ्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य तेवढं उचललं.

तेही साहजिकच होतं म्हणा. ताई रेडिओ स्टेशनात निवेदिका होत्या आणि यजमान त्याच स्टेशनात ध्वनी अभियंता. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना ताई म्हणत, म्हणून शेजारीपाजारीही ताईच म्हणू लागले. यजमानांना मात्र सगळे कानसेन म्हणत. "तानसेन पैशाला पासरी मिळतील, कानसेन आमच्याकडे एकच," असं त्यांचे साहेब पाहुण्यांना सांगायचे. काचेपलीकडे बसून ते ताईंच्या बातम्या ऐकायचे आणि बाहेर आल्यावर म्हणायचे, "उद्या तुला सर्दी होणार." ताईंचं नाक तोवर अगदी कोरडं असायचं. दुसऱ्या दिवशी सर्दी हजर! लग्नाआधी ताईंना या गोष्टीचं इतकं नवल वाटलं होतं, की त्या भरात त्यांनी होकार देऊन टाकला.

सर्दी आदल्या दिवशी ऐकणाऱ्या या कानांना ही गाठ ऐकू आली नव्हती. गेले कित्येक महिने ताईंचा आवाज फाटत होता आणि यजमान म्हणत होते, "हवा बदललीये." ही गोष्ट घरात कुणी बोलून दाखवली नाही. पण ती त्या दोघांच्या मध्ये सदैव बसलेली असे, न बोलावलेल्या पाहुण्यासारखी.

तर, केबली. स्टेशनाच्या शेवटच्या वर्षांत डिजिटल टेपा आल्या होत्या, पत्त्यांच्या कॅटाएवढ्या चिमुकल्या. पुढे त्याही जुन्या झाल्या आणि भंगारात निघाल्या, तेव्हा यजमानांनी ताईंच्या आवाजाच्या टेपा खोकं भरून घरी आणल्या, सोबत त्या वाजवायचा डेकही आणला. आता डेकमधून त्या कॉम्प्युटरवर उतरवायच्या, तर मध्ये एक केबल लागणार. आणि घोडं इथेच पेंड खात होतं.

"ही वायर लावा नि उरका ना," ताई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

"वायर इस्त्रीला असते," यजमान म्हणाले. "ही केबल आहे."

केबली तीन होत्या. एक चांदीच्या तारेची, एक तांब्याची, बोटाएवढी जाड नि नारिंगी, आणि तिसरी काचेची, जिच्या टोकाशी लाल उजेडाचा ठिपका दिसायचा. यजमानांनी ताईंना मधल्या खुर्चीवर बसवलं. ही खुर्ची दोन मोठ्या स्पीकरांच्या बरोबर समोर होती आणि एरवी तिच्यावर दुसऱ्या कुणाला बसायची परवानगी नसे. मग त्यांनी एकच टेप तीनदा वाजवली, दर वेळी केबल बदलून. टेपेवर ताई नद्यांची पाणीपातळी सांगत होत्या. ठाय लयीत, एकेक शब्द धुऊन पुसून मांडल्यासारखा.

"नीट ऐक," यजमान म्हणाले. "चांदीत तुझा 'स' टोचतो. काचेत आवाज पातळ होतो, जसं काही तू जेवलेली नाहीस. तांब्यात भारदस्त आहे, पण जरा झोपाळू. आता सांग, यातली तू कोणती?"

ताईंना तिन्ही वेळा पाणीपातळी सारखीच वाटली होती. पण ऐकता ऐकता वेगळंच काही लक्षात आलं होतं. ही जी बाई बोलत होती, ती ताई नव्हतीच. ती रेडिओची बाई होती. स्टुडिओतला तांबडा दिवा लागला की ताईंच्या अंगात यायची आणि विझला की निघून जायची. घरी, बाजारात, लेकीच्या मागे ताट घेऊन धावताना ताईंनी हा आवाज एकदाही वापरला नव्हता. घरचा आवाज उंच होता, थोडा चिरका, घाईघाईचा. हसताना मध्येच तुटायचा. तो टेपेवर कुणी कशाला घेईल?

"यातली मी कोणतीच नाही," ताई म्हणाल्या. "अहो, हा माझा आवाजच नाही."

यजमानांनी टाळी वाजवली. "बघ! मीही तेच म्हणतोय! तिन्ही केबली कमी पडतायत. एक चौथी असते, बाहेरून मागवावी लागेल."

"केबलीचं नाही हो म्हणत मी..."

"म्हणजे डेकचं? डेक उत्तम आहे. केबलच."

तिथून पुढे असंच होत राहिलं. ताई काहीही म्हणोत, ते केबलीवरच जाऊन बसे. ही बाई कृत्रिम वाटते, असं म्हटलं तर चांदीचा दोष. ही फार हळू बोलते, तर तांब्याचा. ही माझ्यासारखी हसत नाही, असं म्हटल्यावर यजमान बराच वेळ विचारात पडले, आणि ताईंना वाटलं, पोचलं एकदाचं. तर ते म्हणाले, "वरच्या पट्टीतला जिवंतपणा काचेत मरतो, हे मी वाचलं होतं कुठेतरी."

सुट्टीच्या दिवशी लेक आली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि कॉम्प्युटरचंच काम करायची. तिनं तिन्ही केबलींतून उतरवलेल्या फाइली घेतल्या, त्यांची सुरुवात एकमेकींशी जुळवली आणि पडद्यावर वडिलांना दाखवलं.

"बाबा, हे बघा. पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत तिन्ही एकच. तिळाएवढाही फरक नाही. केबलीतून आकडे जातात, आवाज जातच नाही."

"तुझा कॉम्प्युटर मोजतो," बाबा म्हणाले. "ऐकत नाही."

"अहो, मी तुम्हाला फोनवर म्हटलं, चार केळी आणा. फोन काळा असो नाहीतर पांढरा, केळी चारच येणार ना?"

"केळी चारच येतील. पण पिकलेली येतील का?"

लेकीनं कपाळाला हात लावला. ताईंना हसू आलं, आणि हसू आल्याबरोबर खोकला आला, आणि खोकता खोकता त्यांनी पाहिलं, की त्या हसल्या म्हणून यजमानांचा चेहरा क्षणभर किती उजळला होता.

"बाबा, पण मुद्दा तो नाहीच," लेक म्हणाली. "त्या मुलीनं सांगितलंय, आईला आत्ता बोलायला लावा. आत्ताचं. मला बातम्यांची बाई नकोय, मला आई हवीय."

"हा फाटका आवाज द्यायचा यंत्राला? जन्मभर तेच ऐकायचं तिनं?" यजमानांचा स्वर चढला. "तुला तिचा आवाज तू जन्मल्यापासून माहितीय. मला त्याच्या आधीपासून."

सगळ्या मुलांना हे एक वाक्य ऐकवलं, की ती निरुत्तर होतात.

तरी ती आईला स्वयंपाकघरात घेऊन गेली. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. "हं, आई. बोल."

ताईंनी खुर्ची पुढे ओढली. पाठ ताठ केली. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणला, ओठांवरून जीभ फिरवली, आणि बसलेल्या घशातून जितका गोल काढता येईल तितका गोल आवाज काढून म्हणाल्या, "नमस्कार."

"नमस्कार कुणाला घालतेस? मी आहे इथं!"

"मग काय बोलू?"

"काहीही. मला रागाव."

"कशाबद्दल?"

"आता कशाबद्दल ते पण मीच सांगू? केस बघ माझे, कसे कापलेत."

"छान आहेत," ताई म्हणाल्या. स्पष्ट उच्चारात, वाक्याअखेर किंचित उतरून.

समोर ऐकणारं यंत्र असलं, की त्यांच्यात ती बाई आपोआप येत होती. ताईंनी डोळे मिटून पाहिले, फोनवर फडकं टाकून पाहिलं, उठून भांडी लावता लावता बोलून पाहिलं. सगळं व्यर्थ. इतकी वर्षं ज्या शिस्तीचं कौतुक झालं, तीच आता मानगुटीवर बसली होती आणि उतरायचं नाव घेत नव्हती. शेवटी लेक वैतागून म्हणाली, "जाऊ दे आई, तुला जमतच नाही," आणि फोन उचलायला गेली. तिच्या कोपराचा धक्का लागून साखरेचा डबा सबंधच्या सबंध जमिनीवर उपडा झाला.

"अगं बाई! डोळे आहेत की बटणं?" ताई ओरडल्या. "तरी म्हटलं, झाकण लाव, झाकण लाव! आता मुंग्यांना बोलावणं धाडायला नको!"

लेक जागच्या जागी थिजली, आनंदानं. हाच! घोगरा, फाटलेला, पण हाच. तिनं फोन छातीशी धरला आणि डोळ्यांनीच खुणावलं, अजून, अजून.

तेवढ्यात आतल्या खोलीतून यजमान म्हणाले, "शूऽ! अगं, जरा हळू! ऐकतोय मी!" आणि दारात येऊन त्यांनी हात वर केला.

हा हात ताई फार वर्षांपासून ओळखत होत्या. काचेपलीकडे तो वर झाला, की याचा अर्थ, तांबडा दिवा लागतोय, श्वाससुद्धा जपून घ्या. तो वर झाला आणि ताईंचं तोंड मिटलं. त्यांनी मिटायचं ठरवलं नव्हतं. ते मिटलं.

चौथी केबल येईपर्यंत घराचा स्टुडिओ झाला. यजमान सकाळपासून ताईंच्या टेपा ऐकत, आणि ऐकताना घरात चिटपाखरूही बोलायला नको असे. ताई काही सांगायला दाराशी गेल्या, की हात वर होई. भाजी काय करू? हात. पोटात धास्ती वाटतेय हो. हात. आत रेडिओची बाई खणखणीत आवाजात हवामान सांगत असे, आणि बाहेर ताई, ज्यांच्यापाशी आवाजाचे मोजकेच दिवस उरले होते, गप्प उभ्या. लेकीनं फोनवरून खूप भांडण केलं. तिनं आईला फोनवरच बोलतं ठेवून ते टिपायचाही प्रयत्न केला, पण दोन-चार वाक्यांनंतर ताईंना दम लागे. ती वाक्यं आणि साखरेचा प्रसंग मिळून जे जमलं, ते ऐकून उपचारवाली मुलगी हळहळली. "काकू, एवढ्याशावर आवाज उभा राहत नाही."

एका दुपारी मात्र ताईंनी ठरवलं, की हात वर होवो नाहीतर पाय, आज बोलायचंच. मला ती बाई नकोय, असं तोंडावर सांगायचं. त्यांनी दार ढकललं. यजमानांची दाराकडे पाठ होती. स्पीकरमधून ताई बाजारभाव वाचत होत्या, आणि मधल्या खुर्चीवर बसून यजमान त्यांच्याबरोबर ओठ हलवत होते. धान्याचे भाव, तेलाचे भाव, सगळे पाठ. एका ठिकाणी टेपेवरच्या ताई अडखळल्या, "क्षमा करा" म्हणाल्या, आणि ते ऐकून यजमानांनी चष्मा काढला नि मनगटानं डोळे पुसले.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. यांना केबलीचा होता. तो ओढून घ्यायचा कसा? आणि घेतला, तर त्या रिकाम्या हातांना काय द्यायचं? ताईंनी दार हलकेच लोटून घेतलं.

चौथी केबल ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात आली, निळ्या मखमली पिशवीतून. यजमानांनी सगळ्या टेपा नव्यानं उतरवल्या. "आता तू दिसतेस," ते म्हणाले. लेकीनं गुपचूप त्या फाइलीही ताडून पाहिल्या. आकडे तेच होते. तिनं तोंडातून अवाक्षर न काढता त्या उपचारवाल्या मुलीला पाठवल्या. तीही आता घरचाच कायदा पाळू लागली होती.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ताई शेवटचं काय बोलल्या, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. लोकांना वाटतं, अशा वेळी माणूस काही तरी मोठं बोलत असेल. त्या यजमानांना म्हणाल्या होत्या, "तुमचं बटण तुटलंय बघा." आणि नर्सनं ढकलगाडी पुढे नेली.

जखम भरली. गळ्यातल्या छिद्रातून श्वास घ्यायची सवय झाली. मग उपचारवाल्या मुलीनं पाटीएवढं एक यंत्र आणून ताईंच्या मांडीवर ठेवलं. ताईंनी बोटांनी लिहिलं, 'पाणी दे', आणि यंत्र बोललं.

"पाणी दे."

खोलीतल्या सगळ्यांच्या अंगावर काटा आला. काय आवाज होता! स्वच्छ, तरुण, संथ. पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली आणि म्हणाली, "अय्या, या त्याच ना, बातम्यांच्या?" यजमान खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, त्यांचे खांदे हलत होते. उपचारवाली मुलगी म्हणाली, तिच्या हातून इतका चांगला आवाज आजवर झाला नव्हता.

ताईंनी लेकीकडे पाहिलं. लेक हसत होती, पण ते हसू पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या कपांसारखं होतं.

घरी आल्यावर ताईंनी प्रयत्न केला नाही असं नाही. त्यांनी यंत्रावर लेकीला लिहिलं, 'मेले, किती वाळलीस, जेवतेस की नाही?' यंत्रानं तो मजकूर राष्ट्राला उद्देशून सांगितला. लेक खो खो हसली, हसता हसता रडायला लागली आणि म्हणाली, "आई, नको. तू नुसतं मान हलवून बोल माझ्याशी. मला कळतं." तेव्हापासून मायलेकी खुणांनी बोलत. यजमान घरात असले, की मात्र यंत्र. ते आवाज ऐकायला आसुसलेले असत, मग नुसती मान हलवून भागवणं ताईंना क्रूरपणाचं वाटे.

एवढ्यावर भागलं असतं. पण यंत्राचा स्वतःचा स्पीकर बशीएवढा. त्यातून तो आवाज ऐकणं यजमानांना सोसवेना. "सोन्याचा ऐवज आणि पत्र्याचा डबा," असं म्हणत त्यांनी यंत्राच्या मागे एक छोटी बिनतारी पेटी जोडली, दुसरी आतल्या खोलीत अॅम्प्लिफायरपाशी ठेवली, आणि तिथून पुढे ती चौथी, निळ्या पिशवीतली केबल लावली. आता ताईंनी घरात कुठेही बसून लिहिलं, तरी त्या बोलत आतल्या खोलीतल्या दोन मोठ्या स्पीकरांतून.

"बघ, आता तू बरोबर मध्यभागी उभी राहतेस," यजमान म्हणाले. त्यांनी दोन स्पीकरांमधल्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं, आणि त्या जागेकडे इतक्या मायेनं पाहिलं, की ताईंनाही वाटलं, तिथं कुणीतरी असावं.

एका सकाळी ताई न्हाणीघरात कपडे पिळत होत्या. ओल्या कपड्यांची बादली उचलायला वाकल्या, तर उचलेना. जड काही उचलायचं, म्हणजे माणूस श्वास रोखून जोर लावतो. त्यांचा श्वास आता रोखला जात नव्हता, गळ्यातून फुसकन निघून जायचा. त्यांनी दोनदा पाहिलं. मग पदरासारखं कमरेला खोचलेलं फडकं काढून हात पुसले आणि बाहेरच्या टेबलावरच्या यंत्रावर लिहिलं, 'अहो, जरा इकडे या.'

दोन खोल्या पलीकडे त्या बोलल्या. "अहो, जरा इकडे या." प्रत्येक अक्षर धुऊन पुसून.

ताईंनी वाट पाहिली. पावलं वाजली नाहीत. त्या ओल्या पायांनीच आतल्या खोलीच्या दाराशी गेल्या. यजमान मधल्या खुर्चीवर डोळे मिटून बसले होते, मान किंचित कललेली, चेहऱ्यावर समाधान.

चाहूल लागली तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. "ऐकलंस?" ते हळूच म्हणाले. "'जरा'मधला तो 'ज' ऐकलास? चांदीच्या केबलीत हा असा उतरलाच नसता. तू अगदी इथं आहेस, इथं. हातभर अंतरावर."

ताई दारात उभ्या होत्या, हातभर अंतरावर.

"परत म्हण ना," यजमान म्हणाले. "एकदाच."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग स्पीकरांकडे. त्या वळून टेबलापाशी गेल्या आणि तेच वाक्य पुन्हा बोलायची कळ दाबली. मग न्हाणीघरात जाऊन त्यांनी बादलीतले अर्धे कपडे काढून खाली फरशीवर ठेवले, आणि उरलेली बादली दोन्ही हातांनी ओढत दाराकडे न्यायला लागल्या.